अर्धी गोळी

शीजाला पित्त उठणं म्हणजे काय ते कळत नाही.
सोहारमधल्या तिच्या औषधांच्या दुकानात
मी बाही वर करून दाखवतो:
कोपरापासून खांद्यापर्यंत गांधी,
लाल, फुगीर, एकमेकींत मिसळत चाललेल्या.
आमच्याकडे यावर आमसूल लावतात, मी म्हणतो.
आमसूल तिला कळतं. त्याचा भाऊ त्यांच्या मीनकरीत पडतो.
हसते. मग हसणं आवरून विचारते,
काम काय करता?

क्रेन. बंदरावर. बेचाळीस मीटर वर.

ती पुढे केलेली पट्टी मागे घेते,
दुसरी काढते, झोप न आणणारी, साडेतीन रियाल.
माझ्या मुठीत एक रियाल आणि थोडे बैसा.
बराच वेळ ती माझ्या मुठीकडे बघते.

"मग हीच. रात्री. अर्धी.
खोकल्याचं औषध चालू असेल तर नको.
पिणार असाल तर नको.
लघवीला अडतं का?" डोळे न वळवता विचारते.
"आणि सकाळी डोकं जड वाटलं तर वर चढायचं नाही."
मी मान हलवतो.
मान हलवायला काय लागतं.

सहा खाटांच्या खोलीत अर्धी घेतली.
खाज थांबेना. अकराला उरलेली अर्धी.
मग कुणीतरी दिव्याऐवजी
मलाच मालवलं.

दाभोळ नाही, बाप नाही, स्वप्न म्हणून काहीच नाही.
सकाळी जीभ टाळूला चिकटलेली,
चहा दुसऱ्याच कुणाच्या तोंडात पडल्यासारखा.
शिडीवर पाय माझेच होते,
फक्त उशिरा येत होते.

सव्वासात. खाली तमांग हात उभा धरतो: थांब.
हात मला दिसतो.
त्याचा अर्थ मागाहून येतो, पोस्टानं आल्यासारखा.
तेवढ्यात बावीस टनांचा डबा
हातभर जास्त उतरलेला.
तमांग मागे उडी मारतो. शिवी देत असणार,
इतक्या वर ऐकू येत नाही.

डबा टेकवला. ब्रेक. रेडिओवर म्हणालो,
परकार खाली येतोय.
का? बलूशी साहेब.
माझ्याकडे हिंदी होती, मोडकी अरबी होती,
एकही शब्द जागचा हलेना.
दवा, म्हणालो. खाजेची दवा.
नुसती खरखर.
मग: इंझिल. उतर.

दिवसाचा पगार गेला.
गांधी मात्र उतरल्या, हेही खरंच.
तरी बशीत आमसूल भिजत घातलंय,
कातडीला गार लागतं, एवढ्यासाठी.

गिरिधर खाटेवर येऊन बसतो.
पंधरा दिवस त्याला घरून फोन नाही.
पहाटे चारला तो आमची बस काढतो,
बावन्न माणसं, सगळी पेंगत.
"झोपेची आहे ना ती? एक दे."
उशीखाली पट्टी. नऊ गोळ्या.
"तुला कुठे खाज आहे?" मी विचारतो.
"आहे," गिरिधर म्हणतो,
आणि बाही वर करत नाही.