फीत

केटरिंग, एप्रिलचा पहिला आठवडा.
टेबलावर वर्तमानपत्र अंथरून मी बसलेय.
समोर पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक
आणि नखाएवढा कॅमेरा, अजून आंधळा.
दोघांच्या मध्ये एक पांढरी फीत.
काम एवढंच: फीत खाचेत घालायची, कडी दाबायची.
पाच मिनिटं, असं मी शेजारच्या पेटिफरना सांगितलं होतं,
सव्वाचार वाजता.

आता सात वाजलेत.

पेटिफर, वय एक्याऐंशी. चव्वेचाळीस वर्षं बुटांच्या कारखान्यात,
चामडं ठोकळ्यावर ताणून बसवायचं काम.
हल्ली त्यांच्या अंगणात रात्री कुणीतरी येतं,
मांजराची बशी चाटूनपुसून जातं.
मांजर नाताळातच गेलं. बशी मात्र रोज भरली जाते.
'कोण ते मला कळायला हवं,' म्हणाले,
नव्या भाडेकरूची चौकशी करावी तसं.

पहिल्यांदा फीत तिरकी गेली.
दुसऱ्यांदा सरळ, पण कडी उघडी राहिली.
तिसऱ्यांदा सगळं नीट, आणि पडद्यावर वाक्य:
कॅमेरा सापडला नाही.
सापडला नाही म्हणे! समोर तर बसलाय,
बोट पुढे केलं तर त्याच्याच डोळ्यात जाईल.
वीज काढ, कडी उचल, फुंकर घाल,
रेडिएटरला हात लाव, म्हणजे अंगातली वीज उतरते म्हणतात,
वीज जोड.
सापडला नाही.
आणि मी कोण? दिवसभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये
काचेवरचं रक्त वाचणारी, पेशी न् पेशी मोजणारी.
माझ्या नजरेवर लोकांची औषधं ठरतात.

पेटिफर समोर चहा गार करत बसलेले.
त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, ऐन मधोमध, एक डाग आहे,
तीन वर्षं वाढत गेलेला.
ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं पुसलं जातं,
कडेकडेचं राहतं:
माझे कान दिसतात त्यांना, किटली दिसते,
चेहरा नाही.

'दे इकडे.'
दिली. आणखी काय बिघडणार होतं?
अंगठा आणि तर्जनीत टोक धरून
त्यांनी ते चोळलं, एकदा, मग पालथं करून एकदा,
छताकडे बघत,
कातड्याची केसाची बाजू कुठली, मांसाची कुठली
हे ते असंच बघत असणार.
'ही गुळगुळीत. हिच्यावर बारीक रेघा आहेत, खरखरतात.
खाचेतले दात कुठल्या बाजूला?'
मी वाकून पाहिलं.
दात पलीकडे. रेघा अलीकडे.
पावणेतीन तास मी दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं होतं
आणि बोला, बोला म्हणत होते.

फीत फिरवली. कडी त्यांनीच दाबली.
टिक् झालं म्हणे. मला नाही ऐकू आलं.

पडद्यावर माझंच स्वयंपाकघर, डोक्यावर उभं:
दिवा खाली, टेबल वर,
आम्ही दोघं वटवाघळांसारखे लटकलेले.
सरळ करायला एक ओळ पुरते.
ती लिहीपर्यंत पेटिफरनी मान तिरकी केली,
कोंबडी दाणा बघते तशी.
'कोपऱ्यातला तो टकल्या कोण?'
'तुम्ही.'
'हं. बरा दिसतो.'

कॅमेरा लोणच्याच्या डब्यात घातला,
किती घासला तरी पिवळाच राहिलेल्या,
आणि कुंपणाला बांधला.
अकरा वीसला बशीपाशी काहीतरी हललं.
मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.
'सांग.'
काटे. आखूड पाय. बशीत अख्खं तोंड.
मराठीत याला काय म्हणावं, साळिंदराचा धाकटा पुतण्या?
इंग्रजी नाव मला ठाऊक होतं,
एका शब्दात काम झालं असतं.
'नाव नको,' ते म्हणाले. 'हळूहळू येऊ दे. कडेकडेने.'

म्हणून मी कुंपणापासून सुरुवात केली.
फळीवरचं दव. कुणाचा तरी उडून आलेला मोजा.
गवतात दाबला गेलेला एक पट्टा, रोजच्या पायवाटेसारखा.
बशीची कड, तिचा उडालेला टवका.
'तो माझ्या हातून,' ते म्हणाले. 'पुढे.'

मधोमध पोचेपर्यंत बशी रिकामी झाली होती.