वारा कुठनं शिरतो

एप्रिलातली दुपार, अडीचचा सुमार.
विश्रामबागेतल्या आमच्या दुकानात
मणेराजुरीहून राजमती अक्का आल्या,
मागोमाग पोरगा, काखेत जुना सीपीयू.
लग्नाची शूटिंगं करतो तो.
म्हणाला, नेमकं अक्षतांपाशीच बंद पडतंय,
रेंडर एकोणनव्वद टक्क्यांवर.

मी झाकण काढलं.
पात्यांवर धुळीची लोकर, वायरींचा गुंता,
आणि जळक्या धुळीचा वास.
"ठेवता कुठं हा?"
"टेबलाच्या कप्प्यात. दार लावून. धूळ नको म्हणून."
"तापला की?"
"बाजू उघडून टेबलफॅन लावतो."

प्रोसेसर ठीक होता, बोर्डही.
कॅबिनेट बदला, मी सांगितलं.

पोराचं बोट सरळ शोकेसकडं.
समोर अख्खी काच, आत तीन पंखे,
जांभळे, निळे, परत जांभळे,
गेल्या दिवाळीपासून तिथंच चमकतायत.
मालकानं डोळ्यांनी खुणावलं : हाच खपव.

अक्का पदर खोचून फरशीवर बसल्या.
काचेला तळवा लावला.
"वारा कुठनं शिरतो ह्येच्यात?"

मी कडेची फट दाखवली.
करंगळीही गेली नसती.

"अकरा थरांचं रॅक हाय माझं बेदाण्याचं.
द्राक्षं टाकली की पंधरा दिस वाऱ्याच्या हवाली.
एका साली मिस्त्रीनं पश्चिमेला पत्रा ठोकला,
अवकाळी आत यायला नको म्हणून.
वरचा माल हिरवा, खालचा हिरवा,
मधला सगळा काळा. चार टन.
पंखे लावून बघितले.
पंखा काय करतोय बाबा,
त्येला वढायला तरी वारा पायजे की."

दहा वर्षं मी स्क्रू पिळतोय.
पुढून आत, मागून बाहेर,
वरून गरम निसटू द्यायचं.
पंख्याच्या कडेवर इवलासा बाण असतो,
तो बघायचा आणि बसवायचा.
बाणाच्या पुढं मी कधी गेलो नव्हतो.

अक्का उठल्या,
गणपतीपुढची उदबत्ती काढून आणली.
मालक "अहो, अहो" म्हणेस्तोवर
मला म्हणाल्या, "चालू कर."

काचेसमोर धूर थबकला.
जरा इकडं, जरा तिकडं,
मग वळून अक्कांच्याच तोंडावर.
त्या खोकल्या आणि हसल्या.

कोपऱ्यात एक दुसरा होता.
पुढं नुसती काळी जाळी, दिवा नाही,
हजाराने स्वस्त, म्हणून कुणी विचारत नाही.
त्याला एसएमपीएस जोडला.
धूर जाळीपाशी गेला आणि त्याची रेघ झाली,
आत ओढली गेली, दिसेनाशी झाली.
मागच्या पंख्याशी मी नाक नेलं :
मोगरा.

"ह्यो दे."

"जाळीतून धूळ येणार," मी खरं ते सांगितलं.
"येणारच की. वारा आला की धूळ आली.
झाडायची."

पोरगा हिरमुसला. "दिवे नाहीत त्याला, आई."
"दिवे मांडवात बघ."

वायरी मागच्या बाजूनं घेतल्या,
वाऱ्याच्या वाटेत एकही ठेवली नाही.
त्याचंच रेंडर लावून बघितलं.
अक्षता पडल्या, घास भरवले,
पाठवणीत कुणीतरी हुंदके देत होतं,
आकडा एकाहत्तरवरच.
अक्कांनी पैसे मोजले, दोनदा,
आणि पावणेसहाची तासगाव गाडी गाठायला निघाल्या.

मी घाम पुसला.
आमच्या दुकानाला पुढं शटर, मागं भिंत.
छताचा पंखा बारा वर्षं
तीच हवा घुसळतोय.
उदबत्ती बुडख्याला आलेली,
धूर सरळ वर,
मग छताखाली सपाट, तसाच.

मालक वही लिहीत होता,
त्याचं टक्कल क्षणात जांभळं, क्षणात निळं.
मी खणातली टेप काढली,
मागच्या भिंतीला लावली.
"काय रे?"
"शेठ, ह्या भिंतीपल्याड
कोण राहतं हो?"