अर्धी किटली

किटली अर्धीच भरायची, असं डिस्चार्जच्या कागदावर आहे.
म्हणजे दोन कप. तिसरा कोणी आलाच
तर त्याने स्वतः उठून पाणी घालावं.
शेजारचा कीथ घालतो.
तो क्रेनवर होता, मी लॅबमध्ये पोलाद तोडून बघायचो,
किती ताण दिला की कुठली सळई हार मानते.
बत्तीस वर्षं हेच, इथे, रेडकारला.
भट्टी सुरुंग लावून पाडली तेव्हा
आम्ही दोघं वाळूवर उभे होतो. बोललो नाही काही.

"तार कुठल्या ग्रेडची?" कीथ विचारतो,
माझ्या बनियनच्या गळ्यातून वर आलेल्या रेघेकडे बघत.
मीही सर्जनला हेच विचारलं होतं.
तो हसला. म्हणाला, मिस्टर सबनीस, गंजणार नाही.
सात तारा, मधल्या हाडाला सात पीळ,
पोत्याचं तोंड शिवावं तसे.
पोलादावर माझा विश्वास आहे.
हाडावर बसायला वेळ लागतोय.

रात्रभर उताणा. कुशीवर वळायचं नाही.
कधी छातीचे दोन अर्ध एकमेकांवर सरकतात : टक्.
सळई तुटण्याआधी असाच बारीक आवाज करते.
शालन पलीकडच्या खोलीत झोपते,
झोपेत हात पडू नये म्हणून.
भिंतीतून तिचा खोकला येतो
आणि इकडे मी उशी उराशी धरतो.

उशी वॉर्डातली, लाल, तळहाताहून जरा मोठी.
खोकायचं तर ती. हसायचं तर ती.
शिंकेचं नावच काढू नका;
घरात फोडणी बंद आहे दोन महिने.
जन्मभर छातीठोक बोलत आलो,
आता ठोकायची सोय नाही, म्हणून हळू सांगतो,
रोज सात वाजता, फोनवर ऋजुताला :
मी बरा आहे.
कार्डिफहून ती "हं" म्हणते.
त्या "हं"मध्ये बरंच काही असतं.

परवा बटाटे सोलताना रडलो.
बटाटे. कांदे नव्हेत.

डाव्या पोटरीतली शीर काढून वर हृदयाला जोडलीय.
सदुसष्ट वर्षं तळमजल्यावर राहिलेली,
तिला एका दुपारीत घर बदलायला लावलं.
तेव्हापासून चालायची घाई हृदयालाच;
पोटरी मागून येते, बधिर, कुरकुरत.
समुद्राकाठचे दिव्याचे खांब मोजतो :
आधी दोन, मग पाच, आता आइस्क्रीमच्या दुकानापर्यंत.
आत बघत नाही. लेमन टॉप लिहिलंय, ते वाचतो फक्त.
पाण्यात पवनचक्क्या फिरतात, एक नेहमी बंद.
ओळखीचं कोणी भेटलं की
पाठीवर थाप मारायला हात उचलतं
आणि हात तिथेच, हवेत.
असे अडलेले हात फार दिसतात हल्ली.

छातीवरचे भादरलेले केस परत येताहेत,
पांढरे, स्वेटरमध्ये अडकणारे.
डावीकडे पंजाएवढी जागा अजून माझी नाही.
तिथे बोट लावलं
तर दुसऱ्या कोणाला चुकून लागल्यासारखं वाटतं,
तोंडातून "सॉरी" निघायचं बाकी.

नववा आठवडा, मंगळवार.
शालनने कोणाला न विचारता
तेलात मोहरी टाकली, वर दोन सुक्या मिरच्या.
फोन कानाला होता माझ्या.
मी बरा आहे, म्हणालो,
आणि आलीच ती. उशी माडीवर, मी खाली.
सगळं घर हललं.
दोन्ही हात छातीवर दाबून उभा राहिलो,
कळेची वाट बघत,
त्या बारीक आवाजाची.

बाबा? फोनमधून ऋजुता. बाबा?

आणि स्वयंपाकघरातून,
पळी न थांबवता,
शालन म्हणाली :
सत्य.