मागचा आस

टपालवाल्या सेल्सोने सांगितलं म्हणून ती आली:
"फेलिश्मिनाबाई, तुमच्या गाडीचे मागचे गुडघे आत वळलेत."
तिला स्वतःला काहीच जाणवलं नव्हतं.
करकर? ती तर एकोणनव्वदपासूनच आहे, म्हणाली,
आबिलिओ क्लेर्मोंहून ही प्यूजो घेऊन आला तेव्हापासून.
(हे खरं नव्हे. नवी गाडी करकरत नाही.
पण केस पिकतात तशी वाढते करकर,
घरच्यांना कळत नाही.)

विन्याइशचा ऑक्टोबर. अंगणभर चेस्टनटची काटेरी बोंडं,
आदेरितोमामा पायरीवर धूर काढत बसलेला.
मी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिले, एक डोळा मिटून.
दोन्ही चाकं वरून आत झुकलेली,
उजवं जरा जास्त.
टायर आतल्या कडेला पार गुळगुळीत, तारा वर आलेल्या,
बाहेरची कड मात्र कालच दुकानातून आणल्यासारखी.

जॅकवर घेतली. चाक वरखाली धरून हलवलं.
टक्. टक्.
आधी वाटलं, चाकाचं बेअरिंग.
मग मामाला म्हटलं, तू हलव,
आणि मी खाली आडवी झाले, सांध्यावर बोट ठेवून.
चाक आणि बाहू एकदमच हलत होते.
टक् त्याच्याही आतून येत होतं,
नळीतून, जिथे बाहूचा दांडा निजलेला असतो.

"अख्खा आस बदल," मामा म्हणाला, "भंगारात मिळेल."
भंगारात पाच होते.
पाचही आत वळलेले.

मग उघडला.
घण, गॅसची ज्योत, तेल, शिव्या, पुन्हा घण,
अर्धा दिवस टॉर्शन बार जागचा हलेना,
आणि सुटला तो असा सुटला की मी बुडावर आपटले.
आतून सुया निघायला हव्या होत्या.
तपकीर निघाली, चिमूटभर, लालसर, ओलसर,
आणि तिच्यात तीन-चार सुया, केसासारख्या झालेल्या.

दांडा पुसून उजेडात धरला.
एका अंगाने आरसा.
दुसऱ्या अंगाने नख अडकेल अशा चऱ्या,
सुईच्या शेजारी सुई, मोजून घ्याव्यात.
चाक इतकी वर्षं गरगर फिरलं, त्याला काही झालं नाही.
हा जन्मात एकदाही पूर्ण फिरला नव्हता.
खड्डा आला की जरासा वर, मग जरासा खाली,
चार बोटांचं हेलकावणं,
त्याच सुया, त्याच जागी.
ग्रीस एकदा बाजूला सरकलं ते परत आलंच नाही.

"उजवीकडे कोण बसायचं?"
"कुणी नाही. तेलाचे डबे.
डावीकडे सासूबाई. त्या तेलाजवळ बसत नसत."

नवे दांडे, नवी बेअरिंगं पोर्तोहून आली, अकराव्या दिवशी.
दात्यांची जागा कळावी म्हणून मी आधीच
पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवली होती.
गंज खरवडला, त्याच्याबरोबर खूणही गेली.
अंदाजाने बसव, मामा म्हणाला.
मी मोजून बसवला,
आणि तरी एक दाता चुकला.

खाली उतरवली तर चाकं ताठ,
हजेरीला उभ्या पोरांसारखी,
पण बूड दोन बोटं वर.
"चुकलंय," मी म्हणाले. "पुन्हा उघडावं लागेल. उद्या या."

फेलिश्मिना गाडीभोवती एक फेरी मारून आली.
शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवरून तिची चेस्टनटची पोती उतरली होती.
एक डिकीत टाकलं. दुसरं टाकलं. वाकून बघितलं.
तिसरं ढोपराने उजवीकडे सरकवलं.
"आता बघ."
मी मागे जाऊन उभी राहिले, एक डोळा मिटून.
सरळ. ओळंबा लावावा इतकी.

"पण रिकामी असताना..."
"रिकामी कधी असते?"

पैसे मोजून दिले, शेवटचे सुटे नाण्यांत, आणि निघाली.
उताराच्या वळणावर मी कान दिला.
काही नाही.
"एक दाता," मामा म्हणाला.
"माहीत आहे," मी म्हणाले.