अर्धा र

शेषराव ढोणे पत्रिका हातात धरून उभे आहेत
आणि बराच वेळ काही बोलत नाहीत.
मग मधल्या फटीवर बोट ठेवतात:
समस्त वर हाडी मंडळींना आग्रहाचे निमंत्रण.
"बाई, नवरदेव आमचाच हाय,
हे हाड कोनाचं?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते.
तिथे शब्द धड आहे.
अर्धा र पापणीसारखा वळून ह ला टेकलेला,
शाळेत गिरवला होता तसाच.
कागदावर उतरतानाच त्या दोघांचं बिनसतं.

घाटंजीचा छापखाना पाचशेच्या खाली घेत नाही.
ढोण्यांना हव्यात दोनशे दहा.

उन्हाळ्यात जुन्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरला होता,
फोल्डरात फोल्डर, आत काहीच नाही.
नागपूरहून सुगत आला, माझा भाचा.
पेन ड्राइव्ह लावला, दोन कप चहा प्यायला
आणि सगळं पुसून लिनक्स टाकून गेला.
"फुकट आहे का रे?"
"फुकट नाही, मावशी. मुक्त."
दीक्षाभूमीवरून नुकताच परतल्यासारखा
चेहरा होता त्याचा. मी मान हलवली.

मुक्त म्हणजे मालक नाही.
मालक नाही, तर भांडू कोणाशी?
खिडक्यांवाल्याला निदान शिव्या घालता यायच्या.

पासवर्ड टाकते, तर काहीच उमटत नाही,
ना टिंब, ना तारा.
"दिसत नाही, पण जातंय आत," सुगत फोनवर.
"विश्वास ठेव."
वीजवालेही हेच म्हणतात, डीपी जळाल्यावर.

घड्याळ साडेपाच तास मागे.
बँक बंद व्हायची वेळ होते,
माझ्याकडे अजून कोवळं ऊन.

अंगठ्याचं यंत्र तर ते ओळखतच नाही.
वच्छलाबाई मेश्रामांच्या अंगठ्यावरच्या रेषा
आधीच कापूस वेचून गेलेल्या,
त्यात यंत्रच म्हणतं, मी इथे नाही.
त्यांना पाठवते चार किलोमीटर, पुढच्या गावी,
तिथे चोरीच्या विंडोजवर सगळं सुरळीत चालतं.
निघताना पदर खोचत त्या विचारतात,
"तुयं इमानदारीचं हाय म्हनून चालत नाई का वं?"

रात्री फॉन्ट बदलून पाहिले. सतरा.
एकात र सरळ ह च्या डोक्यावर चढून बसला,
एकात चौकोन, चौकोन, चौकोन.
प्रत्येकाच्या खाली कोणाचं तरी नाव,
कुठल्या गावचं, वाचता न येणारं.
दिवसभर नोकरी करून, रात्री जागून,
एक पैसा न घेता त्यानं आपली बाराखडी घडवली.
त्याला वऱ्हाड कुठे माहीत असणार?
त्याच्या भाषेत र ला पापणी नसेल.
आता याच्याशी तरी कशी भांडू?

शेवटी र काढूनच टाकला.
व आणि हाडी, मधे बोटभर जागा,
दोनशे दहा प्रती छापल्या.
(अठ्ठ्याऐंशीव्या कागदाला प्रिंटर हरवला,
बंद करून सुरू केल्यावर सापडला.)
मग काळं जेल पेन घेऊन बसले.
शेषराव समोरच्या स्टुलावर, नवरदेव दारात.
एक र शेषरावांनी काढला, जरा जाड आला,
पुढचे म्हणाले तूच काढ.
शंभरीनंतर हात आपोआप वळायला लागला,
व च्या पोटातून निघून ह च्या मानेपाशी.

दहाच्या सुमारास सुगतचा फोन.
"मावशी, त्याची हीच तर गंमत आहे,
बिघडलं तर कोणीही दुरुस्त करू शकतं."
बोटांना शाई लागली होती,
फोन खांद्यात धरून म्हटलं,
"हो. केलं."

एक पत्रिका मुद्दाम तशीच ठेवलीय,
पहिली, फट असलेली.
दिवाळीला येईल तेव्हा त्याच्यासमोर ठेवीन
आणि चहा टाकायला आत जाईन.