विंगेतली वाळू

एकनाथ खळदकरनं पहिली साठ-सत्तर नाटकं
बाजूनं पाहिली,
डाव्या विंगेत, खाकी गणवेशात,
वाळूच्या दोन लाल बादल्यांमधे उभं राहून.
ड्युटीच होती ती.
नटांचा चेहरा त्याला अर्धाच ठाऊक,
मानेवरचा घाम मात्र पुरा,
आणि राज्य सोडून आत आल्या आल्या
तांब्या तोंडाला लावणारा राजा.

मी बंबाचा ड्रायव्हर.
भवानी पेठेतून गाडी सुटली की
हा मागं शिडी धरून, सायरनच्या खाली,
काहीतरी पुटपुटत यायचा.
आम्हाला वाटायचं, रामरक्षा.

एकदा तिसरी घंटा झाली आणि
इनामदाराचं काम करणारे बेंद्रे पोट धरून बसले.
खळदकर म्हणाला, मला येतं.
मला बादल्यांपाशी उभं केलं आणि गेला.
अख्खा अंक त्यानं विंगेकडे तोंड करून केला.
पेपरात दोन ओळी आल्या:
प्रेक्षकांकडे पाठ फिरवण्याची नव्या नटाची शैली धीट आहे.
ते कात्रण त्यानं हेल्मेटच्या आत चिकटवलं.

पुढं हवालदार, पोस्टमन, नवरीचा मामा.
स्पर्धेत एक उत्तेजनार्थ.
कालिंदीवहिनी म्हणायच्या,
दोन्हीकडं रात्रपाळीच, पगार तेवढा एकीकडं.

टिंबर मार्केट पेटलं त्या रात्री
तो रंगून बसला होता. तसाच आला.
माळ्यावरून खांद्यावर घेतलेल्या पोरानं
भीतीनं त्याची मिशी मुठीत धरली, ती निघूनच आली.
तिसऱ्या दिवशी पोराची आई स्टेशनवर.
कागदाच्या पुडीत नीट गुंडाळलेली.
म्हणाली, साहेबांची राहिली होती.

तालमीत दिग्दर्शक म्हणाला,
'आग! आग!' असं ओरड, तुला तर सवय आहे.
खळदकर बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, खऱ्या आगीत कुणी आग म्हणत नाही, सर.
नाव घेतात.
एका म्हातारीनं तर शिलाई मशीनला हाक मारली होती.
आणि त्यानं तिथंच, सतरंजीवर उभं राहून,
हळू आवाजात नाव घेतलं: यमुने.
चहावाला पोरगा कपबशा घेऊन दारातच थांबला.

प्रयोगात मात्र लोकांना कळलंच नाही
आग कुठं लागली.
दुसऱ्या प्रयोगापासून 'आग! आग!'
टाळी मिळायची त्याला.

धुरानं आवाज नेला. तेव्हा बिनसंवादाची कामं.
शेवटचं काम प्रेताचं.
श्वास धरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं,
पण एका रविवारी प्रेत खोकलं.
सगळं थिएटर हसलं,
चादरीखाली तोही. पोट हलताना दिसत होतं.

आता मी तिकीट काढून जातो.
मध्यंतरात मागच्या दारानं आत शिरतो,
डाव्या विंगेतल्या बादल्यांपाशी उकिडवा बसून
वाळूतली थोटकं वेचतो,
पानाची पिंक पडलेली वाळू काढून टाकतो,
खाली ओल धरलीय का, बोटानं बघतो.
मग गुडघे धरून तिथंच उभा राहतो.

परवा वॉचमननं दंडाला धरलं.
म्हणाला, काका,
नाटक त्या बाजूनं दिसतं.