पाहू

रशियन भाषेत बहुतेक क्रियापदं जोडीनं येतात.
एक करत राहतं,
एक करून मोकळं होतं.
धंतोलीत, दाताच्या दवाखान्यावरच्या खोलीत
बावीस वर्षं मी हे फळ्यावर लिहिलं
आणि पोरं विचारत राहिली,
सर, हा किती मार्कांना येतो?

मार्कांचं सोडा.
एकोणऐंशी साली तार्तूसच्या बंदरात
मी त्या दोन रूपांमधल्या फटीत उभा होतो.
आमची हिंगण्याची कंपनी क्रेनचे गिअर पुरवायची,
म्हणून हा निखाडे, भिलाईत चार वर्षं रशियन पचवलेला,
टेबलाच्या कडेला, पाण्याच्या जगाशेजारी.
समोर गेन्नादी पाव्लोविच, बोटं तंबाखूनं पिवळी.
अलीकडे नव्वाफ, हमाचा इंजिनियर,
ज्याच्या गावात नदीवरची लाकडी चाकं
रात्रभर कण्हत.
खिडकीबाहेर, फार लांब, एक करडी रेघ:
अमेरिकेचं आरमार.
तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं
आणि अख्खी बैठक तिच्याशीच बोलत होती.

उद्या काही झालं तर? नव्वाफनं विचारलं.
‘बूदेम पमागात,’ गेन्नादी पाव्लोविच म्हणाले.
मदत करत राहू.
‘पामोझेम’ नाही म्हणाले.
त्यात काम तडीस जातं. त्यात सही असते.
मी इंग्रजीत सांगितलं, ते मदत करतील,
आणि ती फट माझ्याच जिभेनं बुजवली.
नव्वाफनं छातीवर हात ठेवला.

रात्री जेटीवर, भाजलेल्या माशाचे काटे काढताना
तो म्हणाला, आता खरं सांग.
मी सांगितलं.
तो हसला, बराच वेळ. मग म्हणाला,
तुमच्याकडे याला काय म्हणतात?
आमच्या नागपुरात, मी म्हटलं, एकच शब्द पुरतो.
पाहू.
उधारी मागणाऱ्याला पाहू,
सांगून आलेल्या स्थळाला पाहू,
बापाच्या मोतीबिंदूला पाहू, पुढच्या हिवाळ्यात पाहू.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

आता मी सकाळी शून्य मैलाच्या दगडापर्यंत चालतो.
इंग्रजांनी साऱ्या देशाची अंतरं इथून मोजली म्हणतात.
मोजणारे गेले. चार घोडे
अजून कुणाची तरी वाट पाहत उभे,
डोक्यावर कावळे.
दमास्कसचा झेंडा बदलला त्या आठवड्यात
टपरीवरचा रज्जाक म्हणाला,
काऊन सर, तुमचा रशिया पळाला का तिथून?
मी म्हटलं, माझा कुठला.
तळ आहे, बोलणी सुरू आहेत.
बाजूला कळमन्याचे उमरेडकर बशीत चहा ओतत होते.
तिकडं तांबड्या समुद्रात कोणी कोणावर काही टाकते
अन् भाव माह्या संत्र्याचा पडते, ते म्हणाले,
दुबईच्या पार्टीनं फोनच उचलला नाही राजेहो.
म्हणजे, मी विचारलं, ऑर्डर रद्द?
नाही नाही. पाहू म्हणते.

काल हाम्बुर्गहून निरोप आला.
नव्वाफची मुलगी. बाबा गेले, मार्चमध्ये.
वहीत तुमचं नाव सापडलं, नागपूर, आणि एक शब्द,
पुढे अर्थाची जागा रिकामी.
काका, बाहू म्हणजे काय?

अरबीत प नाही.
नव्वाफनं जवळचं अक्षर घेतलं
आणि इतकी वर्षं वहीत
त्या शब्दाला दंड फुटला, कोपर, मनगट,
कुणी बुडत असेल तर पुढे करण्याजोगं काहीतरी.

मी लिहिलं: हात.
खोडलं.
लिहिलं: तुझे बाबा आणि मी एकदा मासे खात होतो.
खोडलं.
खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला.
तिकडे तिच्या फोनवर दिसत असेल,
निखाडे लिहीत आहेत,
निखाडे लिहीत आहेत.